हट्ट नव्हे, भीती : स्वमग्न लेकराची भीती पायरीपायरीनं कशी कमी होते



काही लेकरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असतात. वरातीत डीजे सुरू झाला की कान दाबून घराच्या कोपऱ्यात जाऊन बसणारं. रोजचं ताट सोडून दुसऱ्या ताटात भाकरी वाढली तर जेवणच टाकणारं. एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारणारं. हाक मारली तर न बघणारं, पण लांबून नुसत्या आवाजावरून कोणाचा ट्रॅक्टर आला ते सांगणारं. अशा लेकराला नावं ठेवायला गावात वेळ लागत नाही. कोणी म्हणतं हट्टी आहे, कोणी म्हणतं आईनं लाडावून ठेवलंय, कोणी म्हणतं बाहेरचं आहे, गंडा-दोरा करा.

यातली काही लेकरं स्वमग्न असतात. आणि आपण ज्याला हट्ट म्हणतो त्यात बऱ्याच वेळा भीती दडलेली असते. ही भीती कमी करता येते. त्यासाठी एक उपचारपद्धत आहे, तिला सीबीटी म्हणतात. ती काय आहे, स्वमग्न लेकरांसाठी ती कशी बदलून वापरतात, आणि घरात, गटात आपल्याला काय करता येईल, ते या लेखात सांगते.

स्वमग्नता म्हणजे काय?

डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. लेकराच्या मेंदूची वाढ थोडी वेगळ्या पद्धतीनं होते. हा फरक जन्मापासूनचा असतो, साधारण दोन-तीन वर्षांत दिसायला लागतो. बोलणं उशिरा येतं किंवा येत नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा राग-लोभ ओळखणं जड जातं. रोजचा क्रम बदलला की त्रास होतो. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श इतरांपेक्षा जास्त बोचतो. प्रत्येक लेकरात हे कमी-जास्त असतं. कोणी छान बोलतं, शाळेत पाढेही म्हणतं. कोणाला एक शब्दही बोलता येत नाही.

१९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचं वर्णन पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. पण त्यानंतर बरीच वर्षं मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत राहिले, की आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं. पुढं संशोधनातून हे साफ खोटं ठरलं. आईच्या वागण्यानं स्वमग्नता येत नाही. लसीनं येत नाही. ग्रहणात भाजी चिरल्यानं येत नाही, कोणाच्या करणीनंही येत नाही. तुमच्या घरात कोणी सुनेला यावरून बोलत असेल, तर हा परिच्छेद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

हट्ट की भीती, कसं ओळखायचं?

२०११ साली वेगवेगळ्या ३१ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा दिसलं की स्वमग्न मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना उपचार लागावा इतकी भीती किंवा काळजी असते. म्हणजे दहातल्या चार लेकरांना.

अडचण अशी, की हे लेकरू "मला भीती वाटते" असं म्हणत नाही. बऱ्याच वेळा त्याला स्वतःलाच कळत नसतं की पोटात जे होतंय त्याला भीती म्हणतात. मग ती भीती दुसऱ्या रूपानं बाहेर येते. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. तोच तो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. लेकरू पळून जातं, स्वतःचा हात चावतं, जमिनीवर लोळतं. घरच्यांना वाटतं नाटक करतंय.

एक साधी खूण सांगते. हट्ट करणारं लेकरू पाहिजे ती वस्तू मिळाली की बहुतेक वेळा गप्प होतं, आणि मधून मधून आपल्याकडं बघतही असतं. घाबरलेल्या लेकराचं तसं नसतं. त्याला खाऊ दिला तरी ते शांत होत नाही. अंग ताठ होतं, घाम येतो, श्वास जोरात चालतो. त्या ठिकाणाहून दूर नेलं की मगच ते सावरतं. ही खूण पक्की तपासणी नाही, पण मारायला हात उचलण्याआधी एवढं बघायला हरकत नाही.

बँकेत पहिल्यांदा गेलात ते आठवा

सीबीटी समजायला अवघड नाही, कारण तिचं मूळ तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय.

गटाचं खातं काढायला पहिल्यांदा बँकेत जायचं होतं. डोक्यात विचार काय होता? "साहेब ओरडतील, माझी सही चुकेल, लोक हसतील." शरीरात काय झालं? हात थरथरले, घशाला कोरड पडली. आणि मग आपण काय म्हणालो? "मी नाही बाई येत, अध्यक्षबाईंना पाठवा." घरी थांबलो की लगेच बरं वाटलं. पण पुढच्या महिन्यात भीती तेवढीच राहिली, उलट वाढली.

मग ती गेली कशी? पहिल्यांदा सीआरपी ताईंबरोबर गेलात, नुसत्या उभ्या राहिलात. दुसऱ्यांदा स्लिप भरली. तिसऱ्यांदा दोघीजणी गेलात. नंतर एकट्या. साहेब एखाद्या वेळी ओरडलेही असतील, पण त्यानं काही बिघडलं नाही, हे स्वतःच्या अनुभवानं कळलं. "तुला येतंय गं, घाबरू नको" असं नुसतं शंभर वेळा सांगून ते झालं नसतं.

सीबीटीत हेच असतं. विचार, शरीर आणि वागणं ही तिन्ही एकमेकांना धरून असतात. विचार तपासून बघायचा, शरीर शांत करायला शिकायचं, आणि ज्याची भीती आहे त्याच्याकडं छोट्या छोट्या पायऱ्यांनी जायचं. अमेरिकेतल्या डॉ. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. त्याच सुमारास डॉ. अल्बर्ट एलिस यांनीही याच घराण्यातली एक पद्धत तयार केली होती. ती मराठी माणसापर्यंत आणण्याचं मोठं काम ठाण्याच्या आयपीएच या संस्थेनं आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी केलं.

स्वमग्न लेकरासाठी ती बदलावी लागते

मोठ्या माणसाबरोबर सीबीटी बरीचशी बोलून चालते. "तुमच्या मनात काय आलं?" असं विचारतात. स्वमग्न लेकराला हा प्रश्नच हवेतला वाटतो. म्हणून त्याच्यासाठी पद्धत बदलतात.

पहिलं, बोलण्यापेक्षा चित्र. भीती किती आहे हे सांगायला शून्य ते पाचची पट्टी काढतात. शून्यावर हसरा चेहरा, पाचावर रडणारा. लेकरू बोट ठेवून दाखवतं.

दुसरं, लेकराची आवड. ट्रॅक्टर आवडत असेल तर पट्टीऐवजी ट्रॅक्टरचे गिअर काढा. "आता पोटातला ट्रॅक्टर कोणत्या गिअरमध्ये आहे?" हे त्याला लगेच कळतं.

तिसरं, आई-वडील उपचारात बरोबर बसतात. तज्ज्ञाकडं आठवड्यातून एक तास जाणार, बाकीचा आठवडा लेकरू घरीच असणार. त्यामुळं घरच्यांना शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत तीन ठिकाणी ७ ते १३ वर्षांच्या १६७ स्वमग्न मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०२० साली छापून आला. काही मुलांना नेहमीची सीबीटी दिली, काहींना स्वमग्नतेसाठी बदललेली, आणि काहींचे आधीचेच उपचार चालू ठेवले. सीबीटी मिळालेल्या दोन्ही गटांची भीती जास्त कमी झाली, आणि बदललेल्या पद्धतीचा गुण सगळ्यात चांगला आला. अमेरिकेतल्याच कोलोरॅडो राज्यात डॉ. ज्युडी रीव्हन यांनी तर हा उपचार गटानं द्यायची पद्धत बसवली. काही मुलं आणि त्यांचे आई-वडील एकत्र बसतात, एकमेकांचं बघून शिकतात. गटाची ताकद आपल्याला वेगळी सांगायला नको.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे अभ्यास बहुतेक करून बोलणाऱ्या, सांगितलेलं समजणाऱ्या मुलांवर झालेत. जे लेकरू अजिबात बोलत नाही त्याच्यासाठी विचार तपासण्याचा भाग बाजूला ठेवतात. चित्रं, ठरलेला दिनक्रम आणि छोट्या पायऱ्या यांचा आधार घेतात.

शाळेची शिडी

आता उदाहरण घेऊ. समजा एक नऊ वर्षांचा मुलगा आहे, आपण त्याला सोन्या म्हणू. जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो, बोलतो, ट्रॅक्टरचा नाद आहे. एक दिवस आई पालमच्या बाजाराला गेली, एसटी चुकली, शाळा सुटल्यावर न्यायला यायला तासभर उशीर झाला. दुसऱ्या दिवसापासून सोन्या शाळेला जाईना. "आई येणार ना? आई येणार ना?" हेच चालू. वडिलांनी मारून नेलं, तर शाळेत कपड्यात लघवी झाली. आजी म्हणाली, राहू द्या घरी. घरी राहिला तेव्हा शांत झाला. पण महिना झाला तरी शाळा नाही.

इथं मारणं आणि घरी ठेवणं, दोन्ही वाटा चुकतात. मारल्यानं भीती दुप्पट होते. घरी ठेवल्यानं त्याच्या मेंदूला हेच शिकायला मिळतं, की शाळेत धोका होता आणि घरी राहिलो म्हणून वाचलो.

सगळ्यात आधी हे बघायचं, की शाळेत खरंच काही होत नाही ना. मुलं चिडवतात का, कोणी मारतं का, संडासला कडी नाही म्हणून तो घाबरतो का? भीतीला खरं कारण असेल तर आधी ते कारण दूर करायचं. लेकराला तिथं ढकलायचं नाही.

तसं काही नसेल, तर त्याच्या मनातला विचार एका चित्रात उतरवायचा : आईला उशीर झाला म्हणजे आई येणारच नाही. मग रोज कॅलेंडरवर खूण करायची, आज आई घरी परत आली का? दहा दिवसांत दहा खुणा. एक दिवस उशीर झाला होता, त्याही दिवशी आई आलीच होती. शेवटी त्याच्याच वहीत एक वाक्य लिहायचं : "आईला कधी कधी उशीर होतो, तरी आई येते." खाली तीन चित्रं काढायची. उशीर झाला तर बाईंना सांगायचं, पाणी प्यायचं, ट्रॅक्टरचं चित्र काढत बसायचं.

मग शिडी :

१. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत.

२. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आईबरोबर दहा मिनिटं बसणं.

३. शाळा चालू असताना अर्धा तास वर्गात, आई दाराजवळ.

४. पहिल्या तासाला वर्गात, आई बाहेर व्हरांड्यात.

५. मधल्या सुट्टीपर्यंत शाळा, आई घरी, सुट्टीला न्यायला येणार.

६. पूर्ण दिवस शाळा.

७. आधी सांगून, आईच्या जागी आजी न्यायला येणार.

८. आधी सांगून, आई मुद्दाम दहा मिनिटं उशिरा येणार.

आठवी पायरी वाचून तुम्हाला वाटेल, हे कशाला? पण खरी भीती तीच होती. तिथपर्यंत न जाता थांबलो, तर पुढच्या वेळी एसटी चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ही शिडी चढायचे काही नियम आहेत. पायऱ्या लेकराला विचारून, त्याच्यासमोर कागदावर काढायच्या. आज कोणती पायरी आहे ते सकाळीच सांगायचं, फसवून न्यायचं नाही. एकदा फसवलं तर तो पुढं विश्वास ठेवणार नाही. एकच पायरी तीन-चार दिवस करायची. पट्टीवरचं बोट तीन-चारवरून एक-दोनवर आलं, की मगच वरची पायरी. भीती एकदम वर गेली तर शक्यतो थोडं थांबायचं, सावकाश श्वास सोडायचा, ती थोडी उतरल्यावर निघायचं. अगदीच जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या पायरीनं सुरू करायचं. आणि प्रत्येक पायरीला शाबासकी. बक्षीस मोठं नको, शेजारच्या ट्रॅक्टरवर पाच मिनिटं बसायला मिळालं तरी पुष्कळ.

घरातल्या सगळ्यांनी एकच धोरण धरायचं. आईनं शिडी धरली आणि आजीनं "राहू दे गं आज" म्हटलं, तर शिडी हलते.

शिडी कुठं लावायची नाही

काही आवाज, काही स्पर्श या लेकरांना खरोखर दुखवतात. डीजेचा दणका, फटाके, कुकरची शिट्टी. तिथं "सवय होईल" म्हणून जवळ उभं करणं हा उपचार नाही, तो त्रास आहे. कानाला रुमाल बांधा, लांब न्या, आधी सांगा. पोळ्याच्या दिवशी, वरातीच्या वेळी ते लेकरू आतल्या खोलीत बसलं तर बसू द्या. पाहुण्यांच्या पाया पडायला ओढत आणू नका.

आणि लेकरू स्वतःला फार इजा करत असेल, खाणं-झोप सुटली असेल, किंवा आधी येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. थेट डॉक्टरांकडं जा. शांत करायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. काही लेकरांना भीतीसाठी औषध लागतं, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणखी एक. स्वमग्नता मुळापासून बरी करतो, स्टेम सेलचं इंजेक्शन देतो, असं सांगून लाखो रुपये मागणारे लोक आहेत. अशा उपचारानं स्वमग्नता बरी होते हे कुठंही सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी शेत गहाण टाकू नका, गटातून कर्ज उचलू नका.

पालमहून कुठं जायचं?

अंगणवाडीत आणि शाळेत सरकारी तपासणी पथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. लेकरू दोन मिनिटांत डॉक्टरांना कळणार नाही, ते तुम्हीच सांगायचं. आधी वहीत लिहून न्या : कशाला घाबरतं, केव्हापासून, तेव्हा काय करतं. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, परभणीला पाठवतात.

शाळेचा प्रश्न असेल तर पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात जा. दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी नेमलेल्या विशेष शिक्षकांची चौकशी तिथं करा. शिडीची तिसरी-चौथी पायरी शाळेच्या मदतीशिवाय होत नाही, म्हणून मुख्याध्यापकांशी बोलताना त्यांना बरोबर घ्या. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथं गेलात तर "लेकराच्या भीतीसाठी सीबीटी मिळेल का, आम्हाला घरी करायला शिकवाल का?" असं स्पष्ट विचारा.

जाणं जमत नसेल तर १४४१६ या नंबरवर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दिवस-रात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईला स्वतःला असह्य झालं असेल, तर तिनंही करावा.

कागदपत्रांचंही बघून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणपत्र मिळालं, तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वमग्नतेसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा काही खर्चही बसतो.

गटानं काय करावं?

गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक अभ्यास झाला, तो २०१६ साली छापून आला. गोव्याची बाजू 'संगाथ' या संस्थेनं सांभाळली. ६५ स्वमग्न मुलं त्यात होती. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आई-वडिलांना लेकराशी कसं वागावं-बोलावं ते शिकवलं, आणि आई-वडिलांचं लेकराला प्रतिसाद देणं सुधारलं. तो अभ्यास भीतीचा नव्हता, संवादाचा होता. पण एवढं त्यातून दिसतं, की शहरातला मोठा डॉक्टर मिळेपर्यंत सगळं अडून बसायला नको.

म्हणून सीआरपी ताईंनी उद्यापासून उपचार करावेत असं मी म्हणत नाही. तुमच्या-माझ्या हातात असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. असं लेकरू असलेली आई बैठकीला येऊ शकत नसेल, तर तिला दंड लावण्याआधी कारण विचारा. तिच्या ओट्यावर बैठक घेता येते का बघा. परभणीला तपासणीला जायचं असेल, तर एकीनं बरोबर जावं, कारण घाबरलेलं लेकरू आणि एसटीची गर्दी एकटीला झेपत नाही. प्रवासाला पैसे कमी पडत असतील तर अंतर्गत कर्जात ते कारण धरा. आणि लग्नाच्या घरी डीजेवाल्याला त्या दारासमोरून जाताना आवाज कमी करायला सांगणं, हे अध्यक्ष-सचिवांना सहज जमतं.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा. वाचताना कोणाच्या घराकडं बोट दाखवू नका, कोणाच्या लेकराचं नाव घेऊ नका. ज्या ताईंना गरज आहे त्यांच्या ते बरोबर लक्षात राहील. गटसाधन केंद्रात किंवा दवाखान्यात बरोबर यायला मी आहेच. फक्त दोन दिवस आधी फोन करा, आणि ती लिहिलेली वही विसरू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, पालम